देवळालीचा ताप आणि एक ग्लास पेल एल

व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिल्यापासून संयोजकांची जरा पंचाईत झालेली आहे, हे मला ठाऊक आहे. सकाळी एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला विचारलंच, "सर, इतिहास सांगणार का जाहिरात करणार?" तर आधीच सांगून टाकतो. जाहिरात नाही. मी बाटलीही आणलेली नाही, त्यामुळे पुढच्या रांगेत बसलेल्यांनी निराश होऊ नये. (हशा)

झालं असं. गेल्या वर्षी पुण्यात एका जुन्या विद्यार्थ्यानं मला एका छोट्या ब्रुअरीत नेलं. तिथं काचेपलीकडं तांब्या-पोलादाच्या टाक्या दिसत होत्या. त्यानं माझ्यापुढं एक ग्लास ठेवला आणि म्हणाला, "सर, ही पेल एल. चाखून बघा, मग बोलू." रंग पाण्यात कालवलेल्या काकवीसारखा. नाकाशी नेल्यावर संत्र्याची साल नखानं खरवडल्यासारखा वास. पहिला घोट गोडसर, पावाच्या भाजलेल्या कडेसारखा. आणि मग मागून कडवटपणा येतो. कारल्यासारखा अंगावर येणारा नव्हे. मेथीचा दाणा दाताखाली आला की जिभेच्या मुळाशी जसा रेंगाळतो, तसा. आपल्याकडं बीअर म्हटलं की जे थंडगार, पिवळं, फारशी चव नसलेलं पेय डोळ्यांसमोर येतं, त्याचा आणि याचा फारसा संबंध नव्हता.

मी त्याला विचारलं, याला पेल का म्हणतात? म्हणाला, "पेल म्हणजे फिकट." पण ही तर फिकट नाही! इथून माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

उत्तर सातूच्या भट्टीत आहे. बीअरसाठी सातू, म्हणजे जव, भिजवून त्याला मोड आणतात. आपण मिसळीसाठी मटकीला आणतो तसेच. मोड आले की ते भट्टीत वाळवतात. याला माल्ट म्हणतात. पूर्वी इंग्लंडमध्ये हे लाकडाच्या जाळावर व्हायचं, त्यामुळं धान्य करपायचं, काळपट व्हायचं, धुराचा वास लागायचा. सतराव्या शतकात दगडी कोळशाचा कोक वापरायला लागले, तसा जाळ ताब्यात आला आणि फिकट माल्ट निघू लागलं. त्या काळच्या काळ्या-तपकिरी बीअरच्या शेजारी ही फिकट दिसली म्हणून पेल. शेजारी कोण बसलंय त्यावर रंग ठरतो, असं म्हणा.

आणि तो कडवटपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलोऱ्याचा. ही वेल वनस्पतिशास्त्राप्रमाणं भांगेच्या कुळातली, बरं का. पण तिचं काम नशेचं नाही. ती कडवटपणा देते, वास देते, आणि पेय आंबवून नासवणाऱ्या जंतूंना आवर घालते. हे तिसरं काम आपल्या गोष्टीत महत्त्वाचं आहे.

आता ती गोष्ट. जगात कुठंही पेल एल मागवा, तुम्हाला ‘इंडिया पेल एल’ नावाचा प्रकार भेटणारच. अमेरिकेत, जपानात, सगळीकडं. या इंडियाचा तिथं काय संबंध? तर सांगितली जाणारी कथा अशी: इंग्लंडहून हिंदुस्थानात बीअर पाठवली तर ती वाटेत नासायची. मग हॉजसन नावाच्या एका हुशार माणसानं जास्त हॉप आणि जास्त अल्कोहोल घालून नवी बीअर शोधून काढली, ती टिकली, आणि गोऱ्या शिपायांची तहान भागली.

कथा छान आहे. पण निम्म्याहून अधिक चुकीची आहे. जॉर्ज हॉजसनची लंडनजवळ बो इथं ब्रुअरी होती, हे खरं. पण त्यानं काही नवीन शोधलं याला पुरावा नाही. उष्ण देशांत पाठवायच्या बीअरमध्ये हॉप जास्त घालावा, हा सल्ला १७६० च्या दशकातच दारू गाळणाऱ्यांना माहीत होता. आणि काळी पोर्टर बीअरसुद्धा हिंदुस्थानात धड पोचत होतीच की! हॉजसनचं खरं भांडवल वेगळं होतं. त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथं लागायची त्या गोदीपासून जवळ होती, आणि तो जहाजाच्या कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल द्यायचा. आपल्या गुळाच्या अडत्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. चव चांगली असेलच, पण धंदा उधारीनं उभा राहिला.

जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, चार ते सहा महिने. वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. पिंपं तळाशी हेलकावे खात पडलेली. त्या ऊब-थंडीत बीअर पिंपातच मुरायची आणि मुंबईला, कलकत्त्याला पोचेपर्यंत स्वच्छ, झणझणीत होऊन निघायची. म्हणजे प्रवासानं ती बिघडायच्याऐवजी पिकली. लोणचं जसं बरणीत मुरतं, तसं.

पुढं १८२० च्या दशकात हॉजसन मंडळींना हाव सुटली. मधले कप्तान वगळून सगळा व्यापार आपणच करावा, उधारी बंद करावी, असं त्यांनी ठरवलं. कंपनीचे लोक चिडले. त्यांच्यापैकी एका संचालकानं बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसप या ब्रुअरला गाठलं. ऑलसपचा रशियाशी असलेला व्यापार तिथल्या जकातीमुळं बसला होता, तो नव्या गिऱ्हाइकाच्या शोधातच होता. आणि बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात फिकट माल्ट आणि हॉपचा कडवटपणा असा काही खुलतो, की लंडनचं पाणी त्याच्यापुढं फिकं पडलं. थोड्याच वर्षांत हॉजसन मागं आणि बर्टन पुढं. पाण्याचा गुण काय करतो, हे पंचगंगेच्या काठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं गुळाबद्दल हीच भाषा बोलतात.

आणखी एक गोष्ट, जी बाटलीवरच्या लेबलावर कधी लिहीत नाहीत. साध्या गोऱ्या शिपायाला पेल एल क्वचितच मिळायची. ती अधिकाऱ्यांची, कलेक्टराची, व्यापाऱ्यांची. शिपायाला रम आणि पोर्टर. साहेबाची बाटली थंड करायला वेगळा नोकर असायचा, त्याला ‘आबदार’ म्हणत. बर्फ नव्हता, तेव्हा सोरा विरघळवलेल्या पाण्यात बाटली फिरवून फिरवून तो ती गार करायचा. पुढं अमेरिकेतून जहाजानं बर्फ यायला लागला, पहिला १८३३ मध्ये कलकत्त्याला. आबदार हा शब्द आपल्याकडं राजवाड्यांतल्या आबदारखान्यात शिल्लक राहिला. आणि त्याच ‘आब’पासून, म्हणजे पाण्यापासून, ‘अबकारी’. अबकारी खातं म्हणजे शब्दशः पाणी करणाऱ्यांचं खातं. सरकारला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

शिपायाची गोष्ट मात्र इथं संपत नाही, ती आपल्या महाराष्ट्रात येते. नाशिकजवळ देवळालीला १८६० च्या दशकात लष्कराची छावणी उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथं आणून ठेवत आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघायला लावत. जहाजं फक्त हिवाळ्याच्या मोसमात सुटायची. चुकून मोसम संपल्यावर पोचलात, तर पुढचे कित्येक महिने तिथंच. काम नाही, कवायत नाही. ऊन, ताप, दारू आणि वाट बघणं. माणसं भ्रमिष्ट व्हायची. मग पलटणींत म्हण पडली: ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप चढलाय, म्हणजे डोकं फिरलंय. आजही इंग्रजीत वेड्याला डूलाली म्हणतात आणि म्हणणाऱ्याला देवळाली कुठं आहे याचा पत्ता नसतो.

२००९ मध्ये पुण्यात जी मायक्रोब्रुअरी निघाली, राज्यातली पहिली म्हणून जी ओळखली जाते, तिनं हेच नाव घेतलं: डूलाली. नाव ठेवणाऱ्यांना गंमत वाटली असेल. मला त्यात त्या शिपायांची पूर्ण छावणी दिसते. त्यानंतर पुण्यात, मुंबईत अशा ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. २०१४ च्या सुमारास मुंढव्यात इंडिपेंडन्स, डोंबिवलीत गेटवे. डोंबिवलीची बीअर हे शब्द वीस वर्षांपूर्वी कुणी एकत्र उच्चारले असते तर लोकांनी त्यालाच देवळालीला पाठवलं असतं. (हशा)

पण मधल्या दीडशे वर्षांत काय झालं? इथं मला थोडं गंभीर बोलायचं आहे.

जहाजाची बीअर महाग, म्हणून गोऱ्यांनी इथंच डोंगरात ब्रुअऱ्या काढल्या. कसौलीची डायर यांची, १८६० मध्ये मरीची, जी आता पाकिस्तानात आहे. मरीच्या ब्रुअरीचा कारभार बघणाऱ्या एडवर्ड डायर यांना १८६४ मध्ये तिथंच एक मुलगा झाला, रेजिनाल्ड. होय, तोच. जालियनवाला बागेतला. मी त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढत नाही. बीअरचा त्यात दोष नाही. पण ज्या वसाहतीच्या जगात ही बीअर तयार होत होती, ते जग कसं होतं, याची आठवण असावी.

गोऱ्यांच्या ब्रुअऱ्या फुलत होत्या त्याच काळात एतद्देशीय दारू गाळणाऱ्यांचं काय चाललं होतं? १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. त्याआधी कोकणात, ठाण्यात, डांगात जागोजागी छोट्या भट्ट्या होत्या. मोहाची दारू, ताडी-माडी. प्रत्येक खोऱ्याची चव वेगळी. ती काही सगळी चांगलीच असे असं मी म्हणत नाही. पण ती त्या मुलखाची होती. नव्या व्यवस्थेनं गाळपाचा अधिकार मोठ्या मक्तेदारांच्या मध्यवर्ती भट्ट्यांकडं नेला. ताडाच्या झाडावर कर वाढला, भंडारी समाजाच्या पिढीजात धंद्याचं कंबरडं मोडलं. १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच कायद्यानं बंधनं आली. फुलांवर! आदिवासी माणूस जी फुलं दुष्काळात खाऊन जगायचा, ती फुलं वेचून घरात ठेवणं हा गुन्हा ठरू शकत होता.

म्हणजे बघा. आज आपण ‘छोटी, स्थानिक, हातानं केलेली’ म्हणून ज्या गोष्टीचं कौतुक करतो, दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो, तीच गोष्ट तेव्हा कायद्यानं मोडून काढली. आणि हातानं केलेली म्हणजे मराठीत काय? हातभट्टी. एक शब्द इंग्रजीत बोलला की चारशे रुपयांचा ग्लास, मराठीत बोलला की पोलिसांची धाड. मी हातभट्टीची बाजू घेत नाही. विषारी दारूनं माणसं मेलेली आपण पाहिलीत. माझं म्हणणं एवढंच, की चांगली, तपासलेली, नियमाखालची छोटी गावठी भट्टी असू शकते, ही शक्यताच त्या काळात पुसून टाकली गेली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती तितकीच खरी आहे. सरकारला महसूल हवा, म्हणून दुकानं वाढली. महात्मा फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून वाढत्या दारू दुकानांविरुद्ध तक्रार केली. दुकान वाढलं की कुणाचं घर बसतं, हे त्यांना दिसत होतं. पुढं १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढं निरोधनं झाली, त्यांना टिळकांचा पाठिंबा होता. आणि १९१९ मध्ये गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, ते गेल्यानंतर महिनाभरात. मराठी माणसाच्या मनात ग्लासाचं जे चित्र आहे ते या नाटकानं कायमचं ठरवून टाकलं. त्यात बीअर, व्हिस्की, मोहाची असा भेद नाही. प्याला तो प्याला.

कायद्यानंही तो भेद केला नाही. १९४९ साल आपल्या गावासाठी मोठं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. म्हणजे कोल्हापूरकर एका वर्षात संस्थानी प्रजेचा नागरिक झाला आणि लगेच त्याला कोरडंही व्हावं लागलं. गंमत म्हणजे त्याच १९४९ मध्ये उत्तरेत नरेंद्रनाथ मोहन यांनी डायर-मीकिन कंपनी ताब्यात घेतली. इकडं राज्य दारू बंद करत होतं, तिकडं गोऱ्यांची ब्रुअरी देशी हातांत येत होती.

या कायद्याला मुंबईच्या बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिलं. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर, औषधी वाइन, अगदी ओ-डी-कोलोनसुद्धा बाळगण्याचा हक्क त्यांनी मागितला. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. औषधं आणि प्रसाधनं सुटली. बाकी बंदी कायम. वकील मंडळी हा निकाल आजही शिकतात. पण माझं लक्ष एका कलमाकडं जातं: सैन्याच्या मेसला दिलेली सवलत न्यायालयानं योग्य ठरवली. राज्य बदललं, झेंडा बदलला, बीअर पुन्हा पलटणीतच!

बाकीच्यांसाठी परमिट. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असं डॉक्टरानं लिहून द्यायचं. त्या काळात महाराष्ट्रातल्या किती सुखवस्तू लोकांच्या प्रकृती अचानक बिघडल्या असतील, त्याचा कुणी अभ्यास करावा. (हशा) साठीच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल होत गेली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. पण तो १९४९ चा कायदा, नाव जरा बदलून, आजही आहे. आपल्याकडं बारवर ‘परमिट रूम’ ही पाटी दिसते ती त्याचीच. कायद्यानं तुम्ही अजूनही परवान्यावर पिता. सौम्य बीअरला वय २१, कडक दारूला २५. एवढा एकच भेद त्यानं मान्य केलाय.

या सगळ्यात एल मेली. शीतयंत्रं आली, तशी जगभर थंड, हलकी लागर पुढं आली. कसौलीची लायन बीअर, जी सुरुवातीला पेल एल होती, तीसुद्धा १९६० च्या दशकात लागर झाली. आणि आपल्याकडं तर लागरचीही ‘स्ट्राँग’ झाली. कारण साधं आहे. लपून, घाईत, पैसे मोजून पिणारा माणूस चव विचारत नाही, रुपयाला किती चढते ते विचारतो. बंदीनं पिणं थांबवलं नाही, चव मात्र थांबवली, असं माझं मत आहे. अध्यक्षांना ते पटणार नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय.

आता कोल्हापूर. आपला या व्यवहारात भाग काय? सातू आपल्याकडं पिकत नाही, हॉप तर नाहीच. देशात तो हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडा होतो, बहुतेक बाहेरूनच येतो. आपला माल म्हणजे मळी. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाला बाजार मिळाला. राधानगरीच्या धरणाला त्यांनीच हात घातला, पाणी आलं, ऊस वाढला, साखर कारखाने आले. कारखान्याची मळी म्हणजे अल्कोहोलचा कच्चा माल. या देशातली बरीचशी ‘व्हिस्की’ मुळात मळीचीच. तेव्हा कोल्हापूरनं दारूच्या दुनियेला फार मोठा हातभार लावलाय, फक्त आपल्या नावानं एकही चव दिलेली नाही. मळी गेली टँकरमध्ये आणि घाण राहिली पंचगंगेत.

आणि ज्या बायकांनी गावोगाव मतदान घेऊन बाटली आडवी केली, त्यांच्यासमोर उभं राहून मी चवीच्या गप्पा मारू शकतो का? हा प्रश्न मला तो ग्लास संपवताना पडला होता. चारशे रुपयांचा ग्लास पिणाऱ्याला आडव्या बाटलीची झळ लागत नाही. त्याच्या ब्रुअरीसमोर मतदान होत नाही. हा भेद आबदाराच्या काळापासून चालत आलाय: साहेबाला पेल एल, शिपायाला रम. मी त्याचं उत्तर घेऊन आलेलो नाही.

शेवटी तो विद्यार्थी मला म्हणाला, "सर, कोल्हापूरचा गूळ घालून एल केली तर? २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय." मी त्याला सांगितलं, इंग्लंडमध्ये १८४७ पर्यंत बीअरमध्ये साखर घालायला कायद्यानं मनाई होती, नंतर सवलत मिळाली, ती महसुलाच्याच हिशेबानं. तो म्हणाला, ते ठीक, पण चव? मग त्यानंच सांगितलं: गूळ जवळजवळ पूर्ण आंबून जातो. गोडी उरत नाही, अल्कोहोल वाढतं, अंग पातळ होतं. थोडासाच घालायचा, आणि तोही उकळी संपताना, म्हणजे वास टिकतो. एक घाणी करून बघितली होती म्हणे त्यानं, वीस लिटरची. पहिल्या घोटाला काकवी, मग काही नाही, मग मागून तो कडवटपणा.

तांबड्या रश्श्याबरोबर चालेल का, मी विचारलं. "नाही सर," म्हणाला. "हॉपनं तिखट आणखी चढतं. पांढऱ्याबरोबर बघा."